चादरीवरचा शिक्का

माझ्या सासूबाईंच्या मते पालिकेच्या दवाखान्यात दोनच प्रकारच्या बायका बाळंत होतात: ज्यांना कुणी नाही त्या, आणि ज्यांना लाज नाही त्या. एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या गॅलरीत उभ्या राहून, खालच्या मजल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात त्या हे सांगायच्या.

पहिलं बाळंतपण माहेरी आणि खर्चही माहेरचा, हा रिवाज त्यांना तोंडपाठ. नर्सिंग होम कुठलं, ते मात्र त्या ठरवणार. त्यांनी शोधलेल्या ठिकाणी दारातच कारंजं होतं. डॉक्टरांनी मला तपासायच्या आधीच काउंटरवरच्या मुलीने पॅकेज समजावलं: सिझर धरून, एसी खोली, पाळण्याला फुगे, फोटो मोफत. सगळं नीट चाललंय तर सिझर कशाला, असं मी विचारलं.

"मॅडम, सेफ साइड," ती म्हणाली. सासूबाईंनी मान डोलावली. त्यांचं काय जातंय, खिसा दुसऱ्याचा.

माझी आई खाडीकाठच्या गावात भातशेती करते. पॅकेजचा आकडा ऐकून तिने हातातल्या पाटल्या ओढून पाहिल्या. निघेनात, म्हणून साबण आणायला उठली, तेव्हा मी ओरडले.

"पाटल्या कोनासाठी ठेवल्यात? तुझ्यासाठीच ना?" आई म्हणाली.

"माझ्यासाठी आहेत तर घालून ठेव."

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेले आणि पालिकेच्या प्रसूतिगृहात नाव घातलं. रांग मोठी होती. नर्स खेकसली, पण खेकसून का होईना, आधी पोटावर हात ठेवून तपासलं तिने. नवऱ्याला फोन केला, तर म्हणतो, "मम्मीला काय सांगू?" आणि हा माणूस बाप व्हायला निघालेला!

मुलगी झाली, सिझरशिवाय. सासूबाई नाकाला पदर लावून आल्या, फोटो काढला आणि गेल्या. संध्याकाळी तो नातेवाइकांच्या ग्रुपवर झळकला: "आमची लक्ष्मी! हॉस्पिटल एकदम हायफाय." चादरीवरचा पालिकेचा शिक्का त्यांनी सफाईने कापला होता. त्याबरोबर बाळाच्या डोक्याखालचा माझ्या आईचा हातही कापला गेला होता.

मी दुसरा फोटो काढला. त्यात शिक्का आला, हात आला, पाटल्या आल्या. त्याच ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आजीच्या हातात."