हलिमाचं कोडं, जैबुनचं उत्तर

रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावात हलिमाशिवाय हळद लागत नसे. नवऱ्याकडच्या बायांनी गाऊन कोडं घालायचं, नवरीकडच्यांनी गाऊनच उत्तर द्यायचं. हलिमाला सगळे मुलगेच, म्हणून ती कायमची नवऱ्याकडची. नणंद जैबुनला लेकीच लेकी, म्हणून ती नवरीकडची. पुढे मुलगा झैद हलिमाला दुबईजवळच्या अजमानला घेऊन आला आणि गाणी राहिली घशात. या फ्लॅटात कोण ऐकणार?

मग नात सबा युनिव्हर्सिटीत भाषेचा इतिहास शिकायला लागली आणि म्हातारीचा भाव एकदम वधारला! रेकॉर्डिंग लावून मोबाइल पुढ्यात ठेवत पोरगी म्हणाली, "दादी, जपानमध्ये शब्दांशी खेळणाऱ्या जुन्या कविता आहेत. त्यांच्यावरून स्कॉलर्सनी शोधलं, हजार वर्षांपूर्वी तिथली माणसं कशी बोलायची. आपल्या कोड्यांतपण तसंच असेल. प्रश्नाचं यमक आज उत्तराशी जुळत नसेल, तर पूर्वीचा उच्चार वेगळा होता. सो आय नीड बोथ, कोडंपण आणि उत्तराची ओळपण."

हलिमानं खुशीत सूर लावला, "पाण्यात जन्मली, पाण्याला भ्याली, सांग गो विहिणी, कोन ती आली?"

"मीठ! आता उत्तराची ओळ?"

हलिमा आठवायला लागली. मीठ हे शेंबड्या पोरालाही कळेल, पण ओळ? आपल्या कोड्याचं उत्तर आपल्याच तोंडून गेलं की हरलो, अशी रीत. आणि ही बाई हरणारी थोडीच! जैबुन गायला लागली की ही लक्षच द्यायची नाही, मनात पुढचं कोडं जुळवत बसायची. भोगा आता!

"जैबुनला फोन लाव. तिला सगळं पाठ."

शेजारी बसलेल्या झैदनं मान खाली घातली. "अम्मी, जैबुनफुफूला लकवा झालाय. रमजानच्या आधीच. वाचा गेली. तुला बीपी, म्हणून बोललो नाही."

"मेल्या, माझ्यापासून लपवलंस?" हलिमानं हट्टानं त्याच्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावायला लावला.

पडद्यावर जैबुन. तोंड वाकडं, उशीला टेकलेली. हलिमाला हुंदका आवरेना. तरी तिनं मिठाचं कोडंच घातलं.

जैबुनचे डोळे चमकले. ओठ हलले, पण बाहेर आला नुसता घोगरा हुंकार. मग तिचा चांगला हात चादरीवर ठेका धरू लागला. थाप, थाप, मधे थांबून पुन्हा थाप. हलिमा जन्मात पहिल्यांदा कान देऊन ऐकत होती, आणि ऐकायला शब्दच नव्हते. सबानं रेकॉर्डिंग बंद केलं नाही, पण बघवेना म्हणून तिनं तोंड फिरवलं.

हात थांबला. उत्तर पुरं झालं होतं. जैबुननं हनुवटी वर केली: घाल पुढचं.

हलिमानं पदरानं डोळे पुसले आणि पुढचं कोडं घातलं.