परातीतली लाट

गजभिये सरांच्या जाण्याने सौंसरच्या शैक्षणिक जीवनात कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली, असे गेल्या महिन्यातल्या शोकसभेत तीन वक्त्यांनी सांगितले. त्यांचा भूगोलाचा तास चौथ्या दिवसापासून चित्रकलेच्या मास्तरांना दिला गेला होता. पांढुर्ण्याहून गेलेला मी शेवटच्या रांगेत होतो. मलाही दोन शब्द बोलायला सांगितले. घसा बसलाय म्हणालो. घसा ठीक होता...

शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गात आम्ही दोघे एका बाकावर बसायचो. समुद्र दोघांनीही पाहिला नव्हता. तरी समुद्रातल्या राक्षसी लाटांचा धडा गजभियेनेच शिकवावा. घरची कणीक मळायची पितळी परात आणायची, दोन विटांवर ठेवून काठोकाठ भरायची आणि खालून ठोसा मारायचा. एकदा मी त्याच्या वर्गात मागे जाऊन बसलो होतो. पाणी उसळले, पहिल्या रांगेच्या वह्या भिजल्या. "वाऱ्यानं आली का? चांदानं आली का? तळ हालला म्हणून आली!" बोरगावच्या शोभाने विचारले, "सर, थांबवता नाही येत का?"

"नाही येत, बाई. पाणी एकदम मागं सरलं, तं शिंपले वेचाले नाही जाचं. टेकडीकडं पयाचं."

"आपल्याकडं आली तं?"

"समुद्रातून नाही येत इथवर. पण पेपरात येईलच."

पेपरात आली. त्र्याऐंशी साली आठवीच्या बोर्डाचे भूगोलाचे पेपर माझ्याकडे तपासायला होते. नमुना उत्तरात त्या राक्षसी लाटांचे कारण छापले होते : चंद्राचे आकर्षण. एका गठ्ठ्यातल्या सगळ्या मुलांनी समुद्रतळाचा भूकंप लिहिला होता. एकाने की एकीने तर परातीची आकृती काढून विटाही दाखवल्या होत्या. ही मुले कोणाची, हे कळायला नाव लागत नव्हते. मी नमुना उत्तर पुन्हा वाचले आणि ओळीने शून्य देत गेलो.

विटा शोभाने काढल्या होत्या. तेवढ्याच गुणांनी ती नापास झाली. निकालानंतरच्या रविवारी गजभिये बसने आला. पाणीसुद्धा प्यायला नाही.

"तुले खरं उत्तर मालूम होतं ना?"

"होतं."

"मंग?"

"छापील उत्तरात चंद्र होता."

"तू चांदाची नोकरी करून राहिला का बे?"

फेरतपासणीचा अर्ज त्याने लिहूनच आणला होता. परीक्षक म्हणून माझी सही हवी होती. ठेवून जा, विचार करतो, म्हणालो. अर्जाची मुदत संपेपर्यंत मी विचार केला. शोभा त्या वर्षी आईबरोबर संत्र्यांच्या तोडणीला गेली. संध्याकाळी गजभिये तिला शिकवायचा. पुढच्या परीक्षेत तोच प्रश्न आला, तिने चंद्र लिहिला आणि पास झाली. तसे लिहायला त्यानेच सांगितले होते. हे मला सांगताना तो हसला नाही.

त्यानंतरही आम्ही भेटत होतो, बदल्यांवर, मुलांच्या लग्नांवर बोलत होतो. अर्जाचे नाव त्याने काढले नाही, मीही नाही. तो माझ्या खणात आहे, सहीवाचून. परात त्याने पुन्हा वर्गात नेली नाही. शाळेच्या कपाटावर ती पालथी पडून असायची.

सभा संपल्यावर ती पाहायला मी शिक्षकांच्या खोलीत गेलो. कपाटावर नव्हती. छत गळते तिथे, जमिनीवर सरळ मांडली होती, अर्धी भरलेली. भरली की शिपाई ती खिडकीतून ओततो.