मनगट वाचणारा साडू

आमचा साडू माणसाला रामराम घालायचा तो मनगटाकडं बघून. तोंडाकडं नंतर. लग्नाच्या मांडवात कुणी बडा पाहुणा शिरला की साडूची मान आपोआप खाली जायची. नवख्याला वाटायचं, काय नम्र माणूस आहे! नम्र कसला? तो घड्याळ शोधत असायचा.

साडू विट्याकडचा. सोनं गाळायचा धंदा, म्हणजे गलाई, करत त्यानं उभा जन्म दक्षिणेत काढला. त्याच्या दुकानाला लागून एका शेठचं भारी परदेशी घड्याळांचं दुकान होतं. त्या शेठनं याला नाद लावला. या घड्याळांना म्हणे नंबर असतो आणि नंबराच्या शेपटाला दोन-चार इंग्रजी अक्षरं. साडू सांगायचा, "आकडा घडण सांगतोय आन् अक्षर रंग सांगतंय. एल एन म्हंजे काचंभवतीची रिंग काळी. एल व्ही म्हंजे हिरवी. फ्रेंच भाषा हाय ती, साडू."

मी चौथीतनं शाळा सोडली, पण अडाणी कुणी म्हणायचं नाही. मी म्हणायचो, "रिंग काळी हाय का हिरवी, हे डोळ्याला दिसतंय की रं. त्याला फ्रेंच कशाला पायजे?"

"डोळ्याला डुप्लिकेटबी तसंच दिसतंय," तो म्हणायचा. "अक्षर आन् अंग जुळलं, की माल खरा."

एवढं सगळं सांगणाऱ्याचं स्वतःचं मनगट मात्र मोकळं. भट्टीच्या धगीपुढं आणि तेजाबाच्या वाफेत घड्याळ टिकत नाही, असं सांगायचा; कधी घातलंच नाही. वेळ विचारायची ती माझ्या बायकोला. "आक्का, किती वाजलं गं?" एकदा मी चिडवलं तर म्हणाला, "सोन्याची लय घड्याळं यायची माझ्याकडं, गाळायला. यंत्र काढून बाजूला ठिवायचं आन् अंग मुशीत टाकायचं. आतलं यंत्र तसंच टिकटिक करत ऱ्हायाचं. तवापास्नं मनगटावर नको वाटतंय."

अक्षरांचा नाद मात्र सुटला नाही. माझा खिलारी बैल, पांढराशुभ्र आणि डोळ्याला काजळाची कड, त्याला बघून म्हणाला, "ह्यो एल एन." गावभर तेच नाव झालं. त्या बैलासाठी मी महिनाभर नाव शोधत होतो. साडूशी आठ दिवस बोललो नाही. सासुरवाडीला वाढताना तसंही पहिली पोळी त्यालाच पडायची, वर हे.

मग आमच्या नातीचं स्थळ आलं. माधवनगरचं घर, बापाचे यंत्रमाग, पोरगा इंजिनिअर. तो आणि नात सांगलीत एका कॉलेजात शिकलेली, हे मला नंतर कळलं. नात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आबा, मला हेच घर पाहिजे. तिथं जाऊन भांडू नका फक्त." पोरीनं जन्मात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. आणि घरात शेवटचा शब्द माझा.

सुपारी फोडायला आम्ही नातीला घेऊन त्यांच्या घरी गेलो. पोराचा बाप हात पुढं करून सामोरा आला. साडूची मान खाली गेली. हिरव्या रिंगेचं घड्याळ होतं. साडूचे डोळे लकाकले.

"पाव्हणं, भारी माल हाय. कंपनीचं नंबराचं कार्ड आसंल की?"

"आसंल न्हवं, खिशातच हाय. हितं कुणी इश्वास ठिवत न्हाई," असं म्हणत त्या माणसानं मोठ्या तोऱ्यात कार्ड काढून दिलं. साडूनं चष्मा लावला, कार्ड वाचलं, पुन्हा मनगट वाचलं. मग माझ्या कानाला लागला. त्याचं कुजबुजणं म्हणजे शेजारच्या गल्लीला ऐकू जाणार.

"साडू, कार्डावर एल एन हाय आन् हातात एल व्ही. घोळ हाय."

मी हातातली सुपारी ताटात ठेवली. "खोटं घड्याळ मिरवणाऱ्या घरात आमी पोरगी देत नसतो."

बैठक गार पडली. पोरगा लाल झाला. स्वयंपाकघराच्या दारात नात उभी होती; तिनं माझ्याकडं बघितलं आणि मी पंख्याकडं. पोराच्या बापाला घाम फुटला. नुसता आतल्या दाराकडं बघत राहिला.

तेवढ्यात नातीला बाजूला सारत पोराची आई पदराला हात पुसत बाहेर आली. "आवं, सांगा की खरं काय ते! लाज कसली वाटतीया?" मग आमच्याकडं वळली. "रिंग काळीच हुती. मीच म्हणलं, शुभकार्याला हातात काळं घालून बसायचं न्हाई. घड्याळजीकडनं हिरवी बसवून आणा."

"मी सांगितलं हुतं," बाप हळूच म्हणाला, "कंपनीची रिंग काढत नसत्यात. तर म्हणली, मग बसा काळं घालून, मी पोहं करत न्हाई."

सगळी हसली. साडू हसला नाही. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "आन् कंपनीची रिंग कुठाय?"

"सांगलीत, घड्याळजीकडंच ऱ्हायली."

साडू उठला आणि चपला घालायला लागला. मी म्हटलं, "का रं? अजून शंका हाय व्हय?"

"शंका कसली?" दारातनंच तो ओरडला. "येवढं भारी घड्याळ, पर बायकोच्या एका शब्दाखातर ह्या माणसानं रिंग उपटून दिली. आसल्या घरात आपली पोरगी राणी हुईल, साडू. डोळं झाकून द्या. फकस्त मी येईपत्तूर थांबा, न्हाईतर घड्याळजी रिंग भंगारात घालंल."

थांबलो. दोनदा चहा झाला. साडू सांगलीतनं घामाघूम होऊन आला आणि कागदात गुंडाळलेली रिंग त्यानं विहीणबाईंच्या हातात प्रसादासारखी ठेवली. "लगीन झालं की तेवढी बसवून घ्या."

"बघू," विहीणबाई म्हणाल्या. "लगीन झालं की डोहाळजेवण, मग बारसं. तवर हिरवीच बरी."

साडूनं हात जोडले. मी सुपारी फोडली.

गेल्या उन्हाळ्यात साडू गेला. दिवाळीला मी नातीकडं गेलो होतो. जेवायच्या वेळी व्याही, जावई आणि मी बैठकीत गप्पा मारत बसलो होतो. आतून नातीचा आवाज आला, "उठा आता, आपापली ताटं घ्या." व्याही उठले, जावई उठला. मी जन्मात स्वतःचं ताट वाढून घेतलेलं नाही. जरा वेळ तसाच बसलो. मग उठलो. ताट हातात धरून ओळीत उभा राहिलो, तेव्हा साडू नसल्याचं फार जाणवलं. "साडू, झाली का न्हाई राणी?" म्हणत मला हसायला शेजारी कुणी नव्हतं.