टर्कीसाठी निवडलेलं पातं

परवा ह्यांची हत्यारांची पेटी उघडली तर आमच्या नातीला, मैत्रीला, तळाशी एक पीस सापडलं. हातभर लांब, तपकिरी, उन्हात धरलं की तांब्यासारखं चमकणारं. "आजी, हे कुठल्या बर्डचं?" ती विचारते. आता काय सांगू? तुझ्या पंचशील म्हणणाऱ्या आजोबांनी जो पक्षी मारायला मदत केली, त्याचं.

आमचे हे, म्हणजे लहू, बहरीनला एसीच्या कंपनीत फिटर होते. मनामात आमच्या दोन खोल्या. दर शुक्रवारी सकाळी चार-पाच कुटुंबं जमायची, चटया पडायच्या, आणि हे पुढे बसून बुद्धवंदना म्हणायचे. आवाज असा, की खालच्या मजल्यावरचा मुख्तार म्हणायचा, "भाभी, लहूभाई के रहते घड़ी की क्या जरूरत?" वंदना झाली की कोंबडीचा रस्सा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

पंच्याण्णव साल असेल. त्यांच्या अमेरिकन साहेबानं एक डबी हातात दिली. साहेब एप्रिलात गावी जायचा, टर्कीच्या शिकारीला. टर्की म्हणजे गिधाडाएवढी कोंबडी, असं ह्यांनी मला समजावलं. शिकार बाणानं, पण धनुष्य असं की बंदुकीसारखा घोडा ओढायचा. बाणाच्या टोकाला जी धारदार पाती बसवतात, ती त्या डबीत होती. ब्रॉडहेड म्हणतात त्यांना. आदल्या साली साहेबानं बारीक टोक लावलं होतं. बाण आरपार गेला, पक्षी तसाच झुडपात उडाला तो सापडलाच नाही. साहेबाला ते लागून राहिलं होतं. म्हणाला, "लहू, पात्यांना धार लावून दे, आणि यंदा कुठलं नेऊ तेही सांग."

त्या दिवशी हे ताट बाजूला सारून डबी उघडून बसले.

"सांगितलं तर त्या मारण्यात माझाही हात आला. नाही सांगितलं तर हा पुन्हा तेच बारीक टोक नेणार, आणि पक्षी झुडपात तडफडत मरणार."

"अहो, दर शुक्रवारी रस्सा ओरपता, तेव्हा नाही आठवत जीव न मारण्याचं पहिलं शील?"

"ती कोंबडी मी मारत नाही, इंदे."

"मग तो खाटीक नजीब काय तिला अंगाई म्हणून झोपवतो?"

त्या शुक्रवारी हे पुढे बसलेच नाहीत. प्रबुद्धला म्हणाले, "आज तू म्हण." प्रबुद्ध ह्यांच्याच कंपनीतला, नवा पोरगा. मध्येच दोन ओळी गाळून मोकळा झाला. लोक विचारायला लागले, घसा बसला का? मी म्हटलं, हो, बसलाय.

मग एका संध्याकाळी हे जिदहफ्सहून, नजीबच्या दुकानातून, पिसांसकट कापलेली कोंबडी घेऊन आले. नजीबनं म्हणे दोनदा विचारलं, साफ नाही करायची? पाती पारखायला गच्चीवर सायकलच्या ट्यूबची गलोल बांधली, सळईला पाती लावली, आणि कोंबडीमागे ठेवली माझी उशी!

"माझीच उशी बरी सापडली!"

"नवी घेऊ, इंशाल्ला."

एक पातं छत्रीसारखं, लागलं की उघडणारं. एकदा छान उघडलं, दुसऱ्यांदा पिसांत अडकून अर्धंच. हे म्हणाले, "हे मनाला येईल तसं वागतंय. माझ्या गलोलीत जोर नाही म्हणूनही असेल. पण जीवाच्या बाबतीत 'असेल' नको." दुसरं रुंद, पाती पक्की बसवलेली. दर वेळी जखम सारखीच. तेच ठरलं. त्याच्यामागे एक चकती बसवली, बाण आरपार जाऊ नये म्हणून. ही युक्ती साहेबाचीच. मग दगडावर तेल टाकून धार लावत बसले. मनगटावरचे केस पात्यानं उतरेपर्यंत उठले नाहीत.

साहेब गावी गेला. तो महिना वंदना प्रबुद्धच म्हणत होता, आणि हे मागे भिंतीला टेकून, जसे पाहुणे.

मे महिन्यात हे कामावरून आले ते हातात हे पीस घेऊन.

"काय म्हणाला साहेब?"

"जागेवरच बसली. दोनदा पंख हलले, खलास." मोरीत जाऊन किती वेळ हात धूत होते.

पीस त्यांनी बाबासाहेबांच्या फोटोजवळ नाही ठेवलं, फेकलंही नाही. हत्यारांत टाकलं.

शुक्रवारी हे पुढे बसले. पहिल्या शीलाला आवाज थांबला. लोक वाट बघत राहिले, कुणाचं तरी पोर मागं वळून आईकडे बघायला लागलं. मग हे म्हणाले, नेहमीपेक्षा हळू. खाली मुख्तारला ऐकूही गेलं नसेल.

रस्सा त्या दिवशीही कोंबडीचाच होता. ह्यांनी वाटी पुढे केली आणि म्हणाले, "इंदे, आजपासून नजीबच्या सुरीला धार मीच लावणार. बोथट असते त्याची."

बहरीन सोडेपर्यंत लावत राहिले. दर गुरुवारी कामावरून थेट जिदहफ्स. नजीब हसायचा, पण सुरी काढून द्यायचा. आणि आमची कोंबडी इतकी नीट साफ करून द्यायचा, की पीस म्हणून दिसायचं नाही.