मोफत विचारपूस

नोकरीच्या शेवटच्या वर्षातलं एक प्रकरण अजून माझ्या मनातून जात नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्तमानपत्रांनी आतल्या पानावर चार ओळी छापल्या, तेवढ्याच. तरी चौतीस वर्षांच्या नोकरीतली कुठली घटना आठवते असं कुणी विचारलं, की मला मुकुंदवाडीतला पहिल्या मजल्यावरचा तो हॉल आठवतो. त्यातली माणसं आज आपापल्या घरी आहेत, म्हणून कुणाचंही नाव लिहीत नाही.

त्या भागातल्या पोलीस ठाण्यात मी नव्यानंच बदलून आलो होतो. पत्नी जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन नागपूरला. सरकारी क्वार्टरमध्ये मी एकटा राहत होतो. एके दिवशी रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या म्हणून रेल्वे स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये गेलो. दुकानदार साठीचा, मूळचा जुन्या शहरातला, बोलण्यात उर्दू मिसळलेली. गोळ्या पिशवीत घालता घालता म्हणाला, "साहेब, एक बात खटकतेय. तक्रार नाही, नुसतं कानावर घालतो. महिनाभरात माझी आठ-दहा बुजुर्ग गिऱ्हाईकं गायब झाली. साखरेच्या, बीपीच्या गोळ्या नेणारी. ठरलेल्या तारखेला न चुकता येणारी माणसं."

"दुसऱ्या दुकानात जात असतील."

"मी पण तेच समजलो. पण काल त्यातल्या एक बाई रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, आता गोळ्यांची गरज नाही, मी पट्ट्यावर झोपते."

पोलिसाला कामाची खबर देणारा माणूस बहुतेक वेळा असाच असतो. जे घडलं ते सगळ्यांनाच दिसतं. जे घडायचं थांबलं, ते एखाद्यालाच दिसतं.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर मी आमच्या महिला हवालदाराला साध्या वेशात चौकशीला पाठवलं. दुपारपर्यंत ती परत आली. स्टेशनपासून पाच मिनिटांवर एका दुकानाच्या वर हॉल भाड्यानं घेतलेला आहे. बाहेर फलक: 'गुडघेदुखी, साखर, बीपी. गोळ्यांशिवाय आराम. ज्येष्ठांना प्रवेश मोफत.' रोज सकाळी दहा ते साडेअकरा. आत विजेवर तापणाऱ्या गाद्या, त्यांना ते लोक पट्टा म्हणतात. त्यावर अर्धा तास झोपवतात, मग चहा देतात.

"विकतात काय?" मी विचारलं.

"अजून तरी काही नाही, सर. नुसतं आई-बाबा म्हणतात."

काहीच विकत नाहीत हे ऐकून मला जास्त काळजी वाटली. फिर्यादी नव्हता, नुकसान झालेला माणूस समोर नव्हता. म्हणून मी स्वतःच जायचं ठरवलं. स्टेशन डायरीला नोंद केली आणि साधा शर्ट घालून हॉलवर गेलो.

पंचवीसेक म्हातारी माणसं ओळीनं झोपली होती. पंखे मंद फिरत होते. मॅनेजर म्हणवणारा एक तरुण माइकवर सांगत होता, "आपण कंपनी नाही, आपण कुटुंब आहोत." मग एक गृहस्थ उभे राहिले. म्हणाले, मी आज पहिल्यांदाच बोलतोय, माझ्या गोळ्या सुटल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या शेजारच्या पट्ट्यावर एक मावशी होत्या. महापालिकेच्या शाळेत सेविका म्हणून आयुष्य गेलेलं. मी नमस्कार केला, त्यांनी जय भीम म्हटलं आणि लगेच मला सूचना दिली, "नवे दिसता. पाय सरळ ठेवा, नाय तर चटका बसतो." एक तेविशीची मुलगी त्यांच्या उशाशी बसून त्यांचे केस विंचरत होती. मावशी डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांच्या डाव्या पायाला फडकं बांधलेलं होतं.

मावशींचं झाल्यावर ती मुलगी माझ्याकडे वळली. "बाबा, जेवून आलात का?"

मी तपास अधिकारी होतो. काय विचारलं तर काय सांगायचं, हे जिना चढतानाच ठरवून ठेवलं होतं. पण हा प्रश्न मला दोन वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी खरं उत्तर दिलं. "नाही."

मग बोलणं वाढत गेलं. पत्नी गेली, मुलगी लांब आहे, हे सांगून झालं. पत्नी येसर फार चांगली करायची, हेही मी सांगितलं. भाजलेल्या डाळी-मसाल्याचं ते पीठ घरात संपलं, ते संपलंच. हे मी माझ्या मुलीलाही कधी बोललो नव्हतो.

तपासासाठी एक दिवस पुरेसा होता. दुसऱ्या दिवशीही मी गेलो. तेच गृहस्थ उभे राहिले आणि 'आज पहिल्यांदाच बोलतोय' म्हणाले. म्हणजे साक्ष देणारा माणूस भाड्याचा आहे, हे कळलं. आता थांबायला हरकत नव्हती. तरी तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. डायरीत लिहिलं, 'गोपनीय माहिती काढण्याकामी'. त्या दिवशी मुलीनं माझ्यासाठी डब्यात येसरची आमटी आणली होती. मी ती हॉलच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून खाल्ली. चव तशी नव्हती. पण डबा मी पुसून स्वच्छ केला, हे आज कबूल करतो.

चौथ्या दिवशी मी हवालदाराला हॉलवर पाठवलं; मावशींचा पट्टा रिकामा होता. सरकारी दवाखान्यातल्या पोलीस चौकीत विचारलं तेव्हा त्या सापडल्या. साखरेच्या गोळ्या त्यांनी दीड महिन्यापासून बंद केल्या होत्या. पायाची जखम चिघळली आणि डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. पुण्याहून मुलगा आला होता. तो चिडलेला होता, पण त्याला हॉलबद्दल काहीच माहीत नव्हतं. मावशींच्या घरी कपाटावर नवा पट्टा ठेवलेला होता. त्यासाठी मावशींनी हातातल्या पाटल्या मोडल्या होत्या.

मी वर्दीत त्यांच्या खाटेजवळ उभा राहिलो तेव्हा त्यांनी मला ओळखलं. "म्हणजे तुम्ही पोलीस व्हय. मला वाटलं तुम्हाला पण कोणी नाय."

मी जबाब मागितला. त्यांनी तोंड फिरवलं. "त्या पोरीनं माझं काय वाईट केलं? गोळ्या मीच सोडल्या. तिनं कधी सोडा म्हणून सांगितलं नाय."

बाकीच्या म्हाताऱ्यांकडेही हवालदार जाऊन आली. कुणी बोलायला तयार नव्हतं. एका आजोबांनी तर दार लावून घेतलं. फसलेला माणूस पोलिसांना घाबरत नाही, तो त्याच्याजवळ उरलंसुरलं जाईल म्हणून घाबरतो. हे मला तेव्हा समजलं, कारण तिसऱ्या दिवशी माझी स्वतःचीही गत काही वेगळी नव्हती.

आजार बरे करण्याच्या खोट्या जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. त्याचा आधार घेऊन, अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक आणि दोन पंच सोबत घेऊन आम्ही हॉलची झडती घेतली. पट्टे जप्त झाले, फलक जप्त झाला. मॅनेजरच्या कपाटात एक जाड रजिस्टर सापडलं. त्यात प्रत्येक म्हाताऱ्यासाठी एक पान होतं. दुखणं काय, घरी कोण, काय आवडतं, आणि खाली, पट्ट्याचा विषय कधी काढायचा.

पंचनाम्यासाठी हवालदार एकेक पान वाचून दाखवत होती. एका पानावर ती थांबली आणि वाचायच्या ऐवजी तिनं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. 'उंच, मिशा. बायको वारली. मुलगी लांब. येसर. घाई करू नये. पुढच्या सोमवारी पट्टा घरी नेऊन दाखवणे.'

"सर, हे पान पण जप्तीत दाखवायचं?"

"सगळी पानं दाखव," मी म्हणालो. पंचांनी ते पान वाचलं की नाही, हे मी त्यांच्याकडे बघून ओळखू शकलो असतो. मी बघितलं नाही.

मुलीची चौकशी माझ्या खोलीत झाली, हवालदार समोर बसलेली होती. मुलगी चितेगावच्या पुढच्या एका खेड्यातली. तिथल्या कारखान्यातलं कंत्राटी काम सुटल्यावर ती इथं लागली होती. मी तिच्यापुढे माझं पान उघडून ठेवलं. ते बघून ती म्हणाली, "पहिले दहा दिवस काही विकायचं नाही, सर. फक्त ऐकायचं. असं शिकवलं होतं."

"गोळ्या बंद करायला कोण सांगायचं?"

"तसं कुणीच म्हणायचं नाही, हे पण शिकवलं होतं. पेशंट विचारतील तेव्हा म्हणायचं, कधी बंद करायच्या ते तुमचं शरीरच तुम्हाला सांगेल."

सगळी फसवणूक त्या एका वाक्यात होती. तिनं हे जबाबात लिहून दिलं. मॅनेजर कुठून आदेश घ्यायचा, भाड्याचे साक्षीदार कोण, हेही सांगितलं. शेवटी मी जे विचारलं त्याचा तपासाशी काही संबंध नव्हता. डबा कुणी आणायला सांगितला होता?

"डबा आणायला मॅनेजरनं सांगितलं. येसरचं पीठ माझ्या आईनं दिलं होतं. ते त्यांना माहीत नव्हतं."

मी तिला जायला सांगितलं.

मावशींच्या पानाची सत्यप्रत घेऊन मी पुन्हा दवाखान्यात गेलो. ते वाचून दाखवणं मला जड गेलं. 'पायाला जखम. मुलाचा फोन रविवारी, कधी कधी नाही. केस विंचरलेले आवडतात. शाळेचा विषय काढावा. रडतात तेव्हा थांबावं, विषय बदलू नये.'

"तिचंच अक्षर हाय का?" मावशींनी विचारलं.

"हो."

त्यांनी कागद हातात घेतला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "रडणाऱ्यापाशी थांबावं, हे लिवून ठेवायची पाळी यावी का वो साहेब माणसावर?" मग कागद परत देत म्हणाल्या, "घ्या माझा जबाब. पण पोरीला मारू-बिरू नका."

त्यांची फिर्याद झाल्यावर आणखी सहा जण पुढे आले. मॅनेजरला अटक झाली, दोषारोपपत्र गेलं. मुलगी साक्षीदार झाली. कंपनीचा मालक परराज्यातला, तो शेवटपर्यंत हाती लागला नाही. हॉलला सील लागल्यावरही काही दिवस म्हातारी माणसं सकाळी दहाला त्या जिन्याखाली येऊन उभी राहायची. बीटचा अंमलदार मला येऊन सांगायचा, "सर, जा म्हणलं तर जातात, पण दुसऱ्या दिवशी परत येतात." मी त्याला सांगितलं, जा म्हणू नकोस.

खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. साक्षीला गेलो तेव्हा मावशी काठी टेकत आल्या होत्या. उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी विचारलं, "तिथं जायला तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली होती का?"

"नाय," त्या म्हणाल्या. "तिथं माझी वाट बघायचे. जबरदस्ती कशाला लागतीया?"

मॅनेजरला शिक्षा झाली.

आता लोक मला विचारतात की अशा जाहिरातींपासून सावध कसं राहायचं. मी सांगतो, मोफत लिहिलेलं दिसलं की विचारा, हे माझ्याकडून काय घेतायत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. आणि घरच्यांना सांगतो, आईनं काय विकत घेतलं म्हणून ओरडण्याआधी, तिला आठवडाभरात तुम्ही काय विचारलं ते आठवा. हे सगळं खरं आहे. पण मी स्वतः तीन दिवस तिथं गेलो होतो, आणि त्यातला एक दिवस फसवणूक कळल्यानंतरचा होता. समोरचा फसवतोय हे कळणं आणि तिथून उठून येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मला नोकरीनं शिकवली होती. दुसरी कुणी शिकवली नव्हती.

निकालानंतर काही महिन्यांनी शहागंजात चादरी घ्यायला गेलो होतो. दुकानात तीच मुलगी घड्या घालत होती. मला पाहून थांबली. चादरी दाखवल्या, किंमत नीट सांगितली, एकही जादा शब्द बोलली नाही. मी निघताना मात्र मागं आली.

"सर, मावशींचं घर कुठं आहे? भेटून यावं म्हणते."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. खरं बोलणारा आणि पाठ केलेलं बोलणारा यांतला फरक ओळखण्यावरच माझं आयुष्य गेलं. त्या दिवशी मला तो ओळखता आला नाही. पत्ता माझ्या तोंडावर आला होता. मी म्हणालो, "मावशींना विचारून सांगतो."

घरी येऊन मावशींना फोन केला, सगळं सांगितलं.

"येऊ द्या," मावशी म्हणाल्या. "पण हात हलवत ये म्हणावं. काही विकायला नाय, काही द्यायला पण नाय."