दिवेलागणीचा पेशंट

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मला टीबी झाला. कुठून झाला हे शोधायला फार डोकं लागत नव्हतं. माझी ड्यूटी छातीच्या वॉर्डात होती. मी सगळ्या गोळ्या गिळल्या, बरी झाले आणि बरी झाल्याचं सर्टिफिकेट घेऊन कॉलेजात परत गेले. कॉलेज म्हणालं, हजेरी कमी पडली, आता परत घेता येणार नाही. टीबीतून उठलेल्या माणसाला समाजाने पुन्हा आपलंसं करावं, हा धडा मला त्याच कॉलेजने शिकवला होता. त्यात मला चांगले मार्कही होते.

घरी येऊन मी रडले, मग चिडले, मग जेवले. बाबा मात्र शांत होते. ते केंद्र सरकारच्या नोकरीत, नागपूरहून दिल्लीला आले ते तिथल्या द्वारका भागाचेच झाले. सरकारी माणसाच्या लेखी नकार म्हणजे शेवट नसतो, फाइल हलायला लागल्याची खूण असते. त्यांनी कॉलेजला निवेदन पाठवलं. नियमात बसत नाही, असं उत्तर आलं. बाबांना बरं वाटलं, कारण उत्तरावर जावक क्रमांक होता. मग त्यांनी स्मरणपत्र पाठवलं. त्याचं उत्तर येईपर्यंत दुसरीकडे अर्ज करायचा नाही, असा त्यांचा आग्रह. एकाच विषयावर दोन ठिकाणी लिहिलं की केस कमजोर होते म्हणे. उत्तर आलंच नाही. तोवर आसपासच्या सगळ्या नर्सिंग कॉलेजांचे प्रवेश बंद झाले आणि माझं वर्ष गेलं. दुसऱ्या कुठल्याही घराने सरळ शेजारच्या कॉलेजात जाऊन चौकशी केली असती. ही चूक करायला घरात पिढीजात सरकारी नोकरी लागते.

जानेवारीत दिल्लीतल्या मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला गेली. आम्ही दरवर्षी जातो, तेव्हाही गेलो. बसमध्ये एका काकूंनी माझ्या कॉलेजचं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, प्रकरण विचाराधीन आहे. काकूंना वाटलं माझं लग्न जमतंय. त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि मुलगा कुठला ते विचारलं.

मला खरी भीती होती ती हातांची. पुस्तक पुन्हा वाचता येतं, हात विसरले की विसरले. म्हणून नकार आल्याच्या आठवड्यातच मी घरी सराव सुरू केला. पेशंट पलंगावर असतानाच त्याच्याखालची चादर बदलायची, हे नर्सिंगमधलं रोजचं काम. त्याला एका कुशीवर वळवायचं, मळकी चादर गुंडाळत त्याच्या पाठीपर्यंत न्यायची, नवी पसरायची, मग त्याला पलीकडच्या कुशीवर आणून उरलेली बाजू पूर्ण करायची. यासाठी पेशंट लागतो. आईने साफ नकार दिला. आमच्या घरात देवघर नाही, बुद्धांची मूर्ती आहे. पण दिवेलागणीला धडधाकट माणसाने आडवं पडू नये, हा नियम आईने नागपूरहून सामानासोबत आणलाय. आणि बाबा घरी पोचायचे ते नेमके दिवेलागणीलाच.

बाबा आडवे झाले. पहिल्या दिवशी पेपर घेऊन झाले. मी त्यांना वळवलं तसा पेपर चुरगळला आणि ते वैतागले. म्हणाले, "आधी सांग, मग वळव." यात त्यांचं चुकलं नव्हतं, पेशंटला सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, हे पहिल्या वर्षालाच शिकवतात. त्यानंतर हे रोजचंच झालं. ऑफिसातून यायचं, बूट काढायचे, चहा प्यायचा, पेशंट व्हायचं. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, घरात चांगल्या माणसाला आजारी पाडताय, अच्छा नहीं लगता यार. आई चिडली की हिंदीत जाते.

उन्हाळ्यात आम्ही दुसरं कॉलेज शोधायला निघालो. स्मरणपत्राचा विषय बाबांनी काढला नाही, मीही नाही. त्यांची एकच अट होती, प्रवेश थेट दुसऱ्या वर्षाला. त्यांच्या ऑफिसात माणसाची किंमत सीनियॉरिटीवर ठरते. पुन्हा पहिल्या वर्षाला बसणं म्हणजे त्यांच्या भाषेत ब्रेक इन सर्व्हिस. जिथे जाऊ तिथे एकच उत्तर मिळालं, युनिव्हर्सिटी वेगळी आहे, पहिल्यापासून करा. बाबा धन्यवाद म्हणून उठायचे.

गाझियाबादला एका ठिकाणी मात्र लगेच दुसरं वर्ष मिळत होतं. एकाच इमारतीत फार्मसी, लॉ, हॉटेल मॅनेजमेंट आणि आम्ही. मी विचारलं, हॉस्पिटल कुठे आहे? संचालकांनी खिडकीतून मोकळा प्लॉट दाखवला. तिथे म्हशी बसल्या होत्या. हॉस्पिटल बन रहा है, ते म्हणाले. म्हशींना त्याची कल्पना नसावी.

परतताना मेट्रोत आम्ही भांडलो. मराठीत, त्यामुळे निवांत भांडता आलं. बाबांचं म्हणणं, वर्ष तर वाचतंय, बाकी बघता येईल. मला संताप आला. मी म्हणाले, "बाबा, मला नर्स व्हायचंय. सेकंड इयर नाही व्हायचं." ते खिडकीबाहेर बघत राहिले. मेट्रो तेव्हा बोगद्यात होती, बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

शेवटचं कॉलेजही गाझियाबादलाच होतं, एका जुन्या हॉस्पिटलला जोडलेलं. प्रवेशाची मुदत संपत आली होती. इथे नाही म्हणाले असते तर आणखी एक वर्ष घरी, आणि मग बहुधा कायमचं घरी. प्रिन्सिपल केरळच्या होत्या, पांढऱ्या साडीत. त्यांनी माझी कहाणी मध्येच थांबवली आणि म्हणाल्या, बोलतात सगळ्याच, चादर बदलून दाखव. सरावाच्या खोलीत पेशंट म्हणून ठेवलेल्या पुतळ्याचा पाय दुरुस्तीला गेला होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. खोलीत तिसरं माणूस एकच होतं.

बाबांनी काही न विचारता बूट काढले, मोजे त्यात नीट खोचले आणि पलंगावर आडवे झाले.

मी चादर सोडवली, पांघरूण घातलं, आणि सांगायचं साफ विसरले. मी नुसती पलंगाच्या कडेला उभी राहिले, तसे बाबा आपणहून कुशीवर वळले. मी चादर गुंडाळली, नवी पसरली, कोपरा पाकिटासारखा दुमडून खोचला. पलीकडे जाऊन उभी राहिले. बाबा पुन्हा आपणहून वळले, मधल्या गुंडाळीवरून कंबर अलगद उचलून, जसे रोज वळतात तसे. बाबा सगळं वेळेवर करत होते आणि माझ्या तोंडून एक अक्षर निघत नव्हतं. गेलं सगळं, असं मला वाटलं.

प्रिन्सिपल पलंगाजवळ आल्या. माझा कोपरा ओढून पाहिला, तो सुटला नाही. मग माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाल्या, "पेशंट को सब मालूम है. कब से चल रहा है ये?"

बाबा छताकडे बघत म्हणाले, "जब से इसको वहाँ से मना हुआ, तब से. रोज़."

त्यांनी दुसराही कोपरा ओढून पाहिला. मग म्हणाल्या, "फर्स्ट इयर से करना पड़ेगा. शुरू से."

बाबांना उठायचं होतं, पण मी चादर इतकी ताठ खोचली होती की त्यांचे पाय सुटेनात. तसेच पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "एप्लिकेशन किसके नाम पे लिखना है, मॅडम?"

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि आत गेली. बाबांनी बूट काढले, चहा प्यायले आणि पलंगावर आडवे झाले. मी म्हणाले, आता कशाला, झालं ना ॲडमिशन. ते म्हणाले, पहिल्या वर्षाला हेच असतं ना? मी उगाचच उशी झटकत बसले.

तेवढ्यात आई आली. तिच्या हातात धुतलेली चादर होती. ती माझ्याकडे देत म्हणाली, "आधी सांग त्यांना, मग वळव."