बोटीची फेरी आणि भाचीचं लग्न

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार आहेत ते माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे. आईवडील गेल्यावर तिनं मला हट्टा गावी आपल्या सासरी आणलं आणि वसमतच्या शाळेत घातलं. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला.

सत्तरच्या दशकात मुंबईपलीकडं भर समुद्रात तेल लागलं, तेव्हा मी किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला होतो. बोटीवरून लोखंडी जबडा तारेनं तळापर्यंत सोडायचा, चिखल वर आणून चाळणीत धुवायचा आणि उरलेले किडे, शिंपले बाटल्यांत ठेवायचे. विहिरी खणण्याआधी तळाशी काय जगत होतं हे ठाऊक नसेल, तर नंतर काय मेलं ते कसं कळणार?

एका नव्या, खोल जागी पावसाळ्यानंतर खोदाई सुरू व्हायची होती. त्याआधी आमची एकच फेरी, वैशाखात. त्याच आठवड्यात अक्काच्या मुलीचं लग्न. आमच्याकडं नवरीला मांडवात मामा आणतो आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या मागं उभा राहतो. सख्खा मामा मी एकटाच.

हे सांगायला गेलो तेव्हा शेतात हळद शिजत होती.

दाजी म्हणाले, "चिखलच पायजे तर आपल्या वावरात काय कमी हाय? पोतं भरून ने."

"तिथलाच पायजे, दाजी. खंदायच्या आधीचा."

"मंग दुसरं कोणी जाईल की."

"जाईल. पण आधीच्या जागांवरचे किडे मी ओळखलेत. नव्या माणसाला दोन जातींचे किडे एकच वाटतात."

"म्हंजे किड्यांचा मामा झालास म्हन."

अक्का कढईखाली पऱ्हाट्या सारत होती. हसली नाही. "लोक इचारतील, मामा काहून न्हाई आला. मी काय सांगू?"

परत गेल्यावर चार दिवसांनी तिला उत्तर लिहिलं:

तीर्थरूप अक्कास साष्टांग नमस्कार.

मी बोटीवर जातो आहे. माझ्या जागी आपल्या चुलत भावाला उभं कर. लोकांनी विचारलं तर रजा मिळाली नाही असं सांगू नकोस. रजा मिळत होती, मीच घेतली नाही. तू रागावलीस तर ते बरोबरच आहे.

हे पत्र नवरी पोरगीच तुला वाचून दाखवील. पोरी, वाचताना काही गाळू नकोस. तुझी मामाकडची साडी वेगळ्या टपालानं पाठवली आहे. मन झालं तर नेस, नाहीतर ठेवून दे.

तुझा भाऊ